वाऱ्यात बसायचं जॅकेट

ऑक्टोबरातली दुपार. दादरच्या एका दुकानात माझा भाचा आरशासमोर काळं, फुगीर जॅकेट चढवून उभा होता. डोक्यावर पंखा गरगरत होता, तरी त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. "मावशी, हेच घेऊ या," तो म्हणाला. "बघ ना, दोन मिनिटांत कसलं गरम झालं!"

मी म्हटलं, "आधी काढ ते. ऑक्टोबरात दादरला नुसता बनियन घातला तरी घाम येतो. त्यावरून जॅकेटची परीक्षा होत नाही."

भाचा लालबागचा. दोन हिवाळे कामशेतच्या टेकड्यांवर पॅराग्लायडिंग शिकला आणि नोव्हेंबरात पहिल्यांदाच हिमाचलात बीरला उडायला निघाला होता. मी गिरगावची, आणि त्याच्या बरीच वर्षं आधीपासून त्याच टेकड्यांवरून उडते आहे. म्हणून जॅकेट घ्यायला तो मला घेऊन आला होता. त्या दुपारी त्याला जे सांगितलं तेच इथे नीट मांडते. दर हिवाळ्यात मुंबईतून कितीतरी मुलंमुली उडायला उत्तरेला जातात, आणि सहलीला गेलेली कुटुंबंही हिमाचलातल्या सोलंगला किंवा बीरला पायलटच्या पुढ्यात बसून टँडेम उड्डाण करून येतात. त्यांतल्या बहुतेकांना वर गेल्यावर पहिला धक्का उंचीचा बसत नाही, थंडीचा बसतो.

यात मुंबईकराचा दोष नाही. त्याच्या अंगाला थंडीची ओळखच नाही. २२ जानेवारी १९६२ या दिवशी सांताक्रूझला ७.४ अंश आणि कुलाब्याला ११.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, ते आजही मुंबईच्या थंडीचं टोक मानलं जातं. एरवी गिरगावात पारा १८ वर आला की आपण कपाटातून स्वेटर काढतो. अशा शहरात वाढलेल्या माणसानं शून्य अंशाच्या वाऱ्यासाठी कपडा निवडायचा, तर अंगाला काय वाटतं यावर भरवसा ठेवता येत नाही. थंडी आपलं काय करते आणि कापड तिला कसं अडवतं, हे समजून घ्यावं लागतं.

वर किती थंडी असते?

कामशेतचं उड्डाण बहुतेक वेळा टेकडीपासून फार वर जात नाही. जानेवारीच्या सकाळी मावळात गारवा असतो, पण अंगावर एक फ्लीस आणि त्यावर विंडचीटर असलं की भागतं. बीरचं गणित वेगळं आहे. बीर गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटरवर आहे. उड्डाण होतं ते वरच्या बिलिंगवरून, सुमारे २४०० मीटरवरून. पाठीमागे धौलाधारची रांग उभी असते. तिच्या उन्हात तापलेल्या उतारांवरून गरम हवेचे झोत वर उसळतात आणि पायलट त्यांत घिरट्या घालत आणखी हजार, दीड हजार मीटर चढतो. २०१५ च्या ऑक्टोबरात पॅराग्लायडिंग विश्वचषकाची स्पर्धा याच बिलिंगला झाली, ती या झोतांमुळेच.

या झोतांनाही थर्मल म्हणतात आणि आपण आत घालतो त्या उबदार कपड्यांनाही थर्मल. गिरगाव चौपाटीवर दुपारी घार पंख न हलवता गोल गोल वर जाताना दिसते, ती अशाच थर्मलमध्ये असते.

वर जाणारी हवा पसरते आणि पसरताना थंड होते. कोरडी हवा दर १००० मीटरला जवळजवळ १० अंशांनी गार होते. वातावरणाचा सरासरी दर ६.५ अंश धरतात. आता समजा, बीरच्या बाजारात दुपारी २२ अंश आहेत आणि भाचा ३६०० मीटरवर पोहोचला. म्हणजे तो बाजारापासून २२०० मीटर वर आहे. सरासरी दरानं तिथे ८ अंशांच्या आसपास तापमान असेल, आणि जोरदार थर्मलच्या दिवशी ते शून्यालाही टेकेल. खाली लोक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात चहा पीत असतात आणि त्याच वेळी वर पाणी गोठायच्या बेतात असतं.

वारा नसतानाचा वारा

पण तापमान ही अर्धीच गोष्ट झाली. "आज वर वारा नाही, म्हणजे गार लागणार नाही," असं नवखे पायलट म्हणतात. ते चूक आहे. ग्लायडर हवेत तरंगतो तो हवेतून पुढे सरकत असतो म्हणूनच. हातातल्या दोऱ्यांचे ब्रेक पूर्ण सोडलेले असले की त्याचा हवेतला वेग ताशी ३५ ते ३८ किलोमीटर असतो. म्हणजे जमिनीवर पानही हलत नसलं, तरी पायलटच्या तोंडावर तेवढा वारा सतत आपटत राहतो. उलट, गरम हवेच्या फुग्यात बसलेल्या माणसाला वारा जवळजवळ लागत नाही, कारण फुगा वाऱ्याबरोबरच वाहतो.

शरीराभोवती आपल्याच उष्णतेनं कोमट झालेल्या हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो थर ओढून नेतो. शरीर नवा थर तापवतं, वारा तोही नेतो. हे नुकसान किती होतं याचा पहिला पद्धतशीर अभ्यास पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अंटार्क्टिकावर केला. उघड्या वाऱ्यात पाण्यानं भरलेली प्लॅस्टिकची डबी टांगायची आणि पाणी गोठायला किती वेळ लागतो ते मोजायचं, इतका साधा तो प्रयोग. कॅनडा आणि अमेरिकेनं २००१ मध्ये त्याचं सूत्र सुधारलं. त्या सूत्रानं पाहिलं तर ५ अंश तापमानात ताशी ३६ किलोमीटर वारा असला की उघड्या चेहऱ्याला ० अंशांसारखं लागतं. ० अंशात तोच वारा उणे ७ सारखा लागतो आणि उणे ५ मध्ये उणे १४ च्या जवळ जातो.

म्हणून पहिला नियम असा की जॅकेटमधून वारा आरपार जाता कामा नये. आपल्या घरांत 'विंडचीटर' हा शब्द किती वर्षांपासून आहे! पावसाळी सहलीला जाताना घेतलेलं ते पातळ, सळसळणारं कापड. त्याला स्वतःची ऊब काहीच नसते, पण वारा अडवण्याचं काम ते एकटं करतं.

उघड्या विमानातले धडे

हा धडा पायलट शंभर वर्षांपूर्वी शिकले. पहिल्या महायुद्धातली विमानं उघडी असत. पायलट कातड्याची जाड जॅकेटं घालूनही कुडकुडत. १९१६-१७ च्या हिवाळ्यात ब्रिटिश नौदलाच्या हवाई दलात असलेला ऑस्ट्रेलियन पायलट सिडनी कॉटन इंजिनाचं काम करत होता. तेवढ्यात अचानक उड्डाणाचा हुकूम आला. अंगावरच्या तेलकट, मळक्या कामाच्या कपड्यांतच तो उडाला. परत आल्यावर बाकीचे थंडीनं गारठलेले होते, याला मात्र फारसं काही झालं नव्हतं. विचार करता त्याच्या लक्षात आलं की कापडात मुरलेल्या तेलानं आणि ग्रीसनं त्याची छिद्रं बुजली होती आणि वारा आत शिरत नव्हता. त्यावरून त्यानं १९१७ मध्ये 'सिडकॉट' हा सबंध अंगाचा उड्डाणसूट बनवून घेतला. बाहेर हलकं कापड, मधे वारा न शिरणारं रेशीम आणि आत हवा धरणारं पातळ फरचं अस्तर. आजची तीन थरांची पद्धतही अशाच विचारावर चालते.

असे कामाचे सूट ज्या जाड सुती कापडाचे शिवतात त्याला इंग्रजीत डंगरी म्हणतात, आणि तो शब्द आपल्या मुंबईतल्या डोंगरीवरून गेलेला आहे. डोंगरीचं जाडंभरडं कापड सतराव्या शतकापासून इंग्रज व्यापाऱ्यांना ठाऊक होतं.

जुहूच्या विमानतळावरून उडणाऱ्या आपल्या पहिल्या वैमानिकांनीही हा वारा सोसला. जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १९३० मध्ये आगाखान पारितोषिकासाठी ते कराचीहून लंडनकडे निघाले ते उघड्या जिप्सी मॉथ विमानातून. १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं तेव्हा त्यांच्याकडे बंद केबिनचं पस मॉथ होतं. त्यानंतर विमानं बंदिस्त होत गेली, मग त्यांत उबेची सोयही झाली. आज ११ किलोमीटर उंचीवर बाहेर उणे ५६ अंश असतानाही प्रवासी साध्या शर्टात बसतो. पॅराग्लायडरचा पायलट मात्र अजून उघड्यावरच आहे. त्याचं जॅकेट हीच त्याची केबिन.

ऊब म्हणजे थांबलेली हवा

"मग गरम काय असतं? लोकर, कापूस की पिसं?" भाच्यानं विचारलं.

यातलं काहीच गरम नसतं. जॅकेट उष्णता तयार करत नाही. उष्णता आपल्या शरीराची, जॅकेट ती बाहेर जायला उशीर लावतं. आणि हा उशीर कापडापेक्षा कापडात अडकलेल्या हवेमुळे जास्त होतो. थांबलेली हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे, तिच्यातून उष्णता सहजासहजी पुढे जात नाही. मात्र ती थांबलेली हवी, फिरती नको.

आमच्या गिरगावच्या वाडीत पूर्वी पिंजारी यायचा. खांद्यावर ती मोठी धुनकी आणि तिच्या तातीचा टणकार, की घरोघरच्या दबलेल्या गाद्या अंगणात यायच्या. कापूस तोच आणि वजनही तेच, पण पिंजून झाल्यावर गादी दुप्पट फुगायची आणि थंडीत जास्त ऊबदार लागायची. पिंजारी कापसात हवा भरायचा. प्रत्येक तंतूच्या आजूबाजूला हवेचा लहानसा कप्पा तयार व्हायचा आणि त्या कप्प्यांतून ऊब बाहेर पडायला वाटच राहायची नाही. जानेवारीच्या पहाटे चाळीच्या कठड्यावरचं कबूतर फुगून गोळा होतं, तेही हेच करत असतं.

ही ऊब मोजायला १९४१ मध्ये शास्त्रज्ञांनी 'क्लो' हे एकक ठरवलं. २१ अंशांच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला साधा सूट जेवढी ऊब देतो ती १ क्लो. फुगीर भरणीच्या कपड्यात यासाठी साधारण ६ ते ७ मिलिमीटर जाडी लागते. म्हणून जॅकेटचं वजन पाहू नये, फुगलेली जाडी पाहावी.

इथे उडणाऱ्याच्या बाबतीत एक मुद्दा फार महत्त्वाचा आहे. दुकानात, मित्रांत, गिर्यारोहकांत जो सल्ला मिळतो तो चालणाऱ्या माणसासाठीचा असतो. पाठीवर बोजा घेऊन चढ चढणारं शरीर भरपूर उष्णता तयार करतं, स्वस्थ बसलेल्या शरीराच्या पाच-सहा पट. त्याला पातळ कपडा पुरतो, जाड कपड्यात तो घामाघूम होतो. पायलट दोन-तीन तास हार्नेसमध्ये, म्हणजे ग्लायडरखालच्या पट्ट्यांच्या आसनात, जवळजवळ न हलता बसलेला असतो. त्याचं शरीर जेमतेम १०० वॅट उष्णता देतं, एका जुन्या पिवळ्या बल्बएवढी. तेवढ्यावर त्याला ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्याशी झुंजायचं असतं. ट्रेकचं जॅकेट चालणाऱ्याचं असतं. आपल्याला वाऱ्यात बसणाऱ्याचं हवं.

गिरणगावचा कापूस इथे का चालत नाही

मुंबईच्या माणसाला सुती कापडाची माया असणं साहजिक आहे. हे शहरच कापसावर उभं राहिलं. कावसजी दावरांनी १८५४ साली स्थापन केलेली ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि पुढे परळ, लालबाग, चिंचपोकळीच्या आकाशात धुराडी उभी राहिली. आमच्या घामट हवेला सुतीसारखं कापड नाही. ते घाम शोषतं, हवेवर सुकतं आणि सुकताना अंगाला गार करतं.

थंडीत नेमका हाच गुण घात करतो. कापसाला पाणी आवडतं. साध्या दमट हवेतही कापसाचा तंतू आपल्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरून ठेवतो. गिरण्यांच्या सूतखात्यात मुद्दाम दमट हवा ठेवत, कारण कोरड्या हवेत धागा तुटतो. सुती बनियन घामानं भिजला की तंतू एकमेकांना चिकटतात, पिंजाऱ्यानं भरलेली हवा निघून जाते आणि तिच्या जागी पाणी येतं. पाणी थांबलेल्या हवेच्या सुमारे २४ पट वेगानं उष्णता वाहून नेतं. शिवाय ओल सुकताना अंगातलीच उष्णता घेते.

बिलिंगच्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी आत सुती बनियन, वर जाड सुती हूडी आणि त्यावर विंडचीटर अशी निघाले होते. टेक-ऑफवर वाऱ्याची वाट बघत तासभर सगळे कपडे घालून उन्हात उभी राहिले. पाठ घामानं भिजली. हवेत गेल्यावर पंधरा मिनिटांत ती पाठ बर्फाची लादी झाली. चाळीस मिनिटांनी बोटांत ब्रेक आहेत की नाहीत हे मला कळेना. वर जायला हवा उत्तम होती, तरी मी गुपचूप खाली उतरले. त्या दिवसापासून उड्डाणाच्या कपड्यांत मी सुती धागा ठेवत नाही. मोजेसुद्धा लोकरीचे.

मग आत काय घालायचं? लोकर किंवा पॉलिएस्टर. पॉलिएस्टरचा तंतू जेमतेम ०.४ टक्के ओलावा घेतो, घाम बाहेरच्या थराकडे ढकलतो आणि लवकर सुकतो. लोकरीचं वेगळं आहे. ती तशाच हवेत सुमारे १६ टक्के ओलावा तंतूच्या आत घेते, पण तिचा तंतू मुळातच कुरळा असल्यामुळे ओली झाली तरी पूर्ण बसत नाही. म्हणून ओल्या लोकरीत थोडी ऊब उरते, ओल्या सुतीत उरत नाही.

तीन थर

पहिला थर अंगालगतचा, पातळ आणि घट्ट. काम एकच, त्वचा कोरडी ठेवायची. टेक-ऑफला पोहोचल्यावर घाम आला असेल तर हा थर तिथेच बदलावा. सुका जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बरोबर नेला की तेवढ्यानं निम्मी थंडी कमी होते.

दुसरा थर हवा धरणारा. इथे फ्लीस उत्तम. हे कापडही गिरणीतूनच आलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स या गिरणीगावात माल्डन मिल्सनं १९८० च्या सुमारास पॉलिएस्टरची लव उभी करून ते बनवलं. ११ डिसेंबर १९९५ ला ती गिरणी आगीत जळाली, तेव्हा मालक ॲरन फॉयरस्टाइन यांनी ती बंद न करता पुन्हा उभारायला घेतली आणि काम बंद असतानाही काही महिने कामगारांचे पगार चालू ठेवले. गिरण्या बंद पडताना घरी बसलेले बाप, काका ज्यांनी पाहिले, त्या लालबाग-परळच्या माणसांना ही गोष्ट मी आवर्जून सांगते. फ्लीससाठी फार पैसे घालवायची गरज नाही. हिवाळ्यात परळला तिबेटी विक्रेते स्वेटर-जॅकेटं घेऊन बसतात, त्यांच्याकडे चांगलं फ्लीस मिळतं. खुद्द बीरलाही तिबेटी वसाहत आहे. ऐन वेळी काही कमी पडलं तर तिथल्या दुकानांतही मिळतं.

तिसरा थर म्हणजे जॅकेट. बाहेरून वारा न शिरणारं, आत फुगीर भरण असलेलं.

पिसं की कृत्रिम भरण?

भरण दोन प्रकारचं असतं. एक डाउन, म्हणजे हंसाच्या किंवा बदकाच्या छातीवरची मऊ लव. दुसरं पॉलिएस्टरचं, कृत्रिम. सिअ‍ॅटलच्या एडी बाउअर यांनी १९३६ च्या सुमारास थंडीतल्या मासेमारीत गारठून जीव धोक्यात आल्यावर पिसांचं, चौकोनी शिवणीचं जॅकेट केलं आणि १९४० मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी वैमानिकांसाठीही त्यांनी असे कपडे पुरवले.

वजनाच्या मानानं पिसांइतकी ऊब दुसरं काही देत नाही. त्यांचा दर्जा 'फिल पॉवर'वरून सांगतात. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम लव फुगून किती घन इंच जागा व्यापते तो हा आकडा. ५५० साधी, ६५० ते ७५० चांगली, ८०० च्या वर महाग. पण आकड्यानं फसू नये. जास्त आकड्याची पण थोडीच लव भरलेलं जॅकेट कमी आकड्याच्या भरगच्च जॅकेटपेक्षा पातळ आणि थंड असू शकतं.

पिसांचं वैर पाण्याशी. भिजली की त्यांचे गोळे होतात आणि ऊब संपते. ढगाच्या पायथ्याशी हवा दमट असते, पहाटे दव असतं, मुंबईची हवा तर बारा महिने ओली. कृत्रिम भरण थोडं जड आणि जास्त जागा खाणारं, पण भिजलं तरी काम करतं, घरी धुता येतं आणि स्वस्तही पडतं. नवख्या मुंबईकर पायलटला मी कृत्रिम भरणाचंच जॅकेट घ्यायला सांगते. वर्षातून दहाच दिवस थंडीत उडायचं आणि बाकी वर्षभर ते मुंबईच्या कपाटात राहायचं, तर तेच शहाणपणाचं.

दुकानातल्या परीक्षा

आता मूळ प्रश्न. दादरच्या उकाड्यात जॅकेट पारखायचं कसं? त्या दुपारी आम्ही एकेक जॅकेट असं पाहिलं.

फुंकर मारा. कापड ओठांना लावून जोरात फुंका आणि पलीकडे दुसरा तळवा धरा. फुंकर लागली तर वाराही लागणार.

मुठीत दाबा. दहापर्यंत मोजा आणि सोडा. भरण झपाट्यानं वर आलं पाहिजे. चुरगळलेलं तसंच राहिलं तर त्यात हवा धरायची ताकद नाही.

ट्यूबलाइटसमोर धरा. चौकोनी शिवणींच्या रेषांतून उजेड आरपार दिसला, तर तिथे भरण नाही, नुसते टाके आहेत. त्या रेषांतून थंडी आत शिरते. वर वेगळं विंडचीटर घालणार असाल तर हे चालतं, नुसतं तेच जॅकेट घालणार असाल तर नाही.

स्टुलावर बसून पाहा. उभं राहून आरशात पाहण्याचा उपयोग नाही. थोडं मागे रेलून, दोन्ही हात कानांच्या उंचीवर धरून पाच मिनिटं बसा, ब्रेक धरल्यासारखं. कमरेवरून जॅकेट वर सरकतं का? मनगटं उघडी पडतात का? काखेत ओढतं का? बाह्या लांब हव्यात आणि त्यांचे कफ हातमोज्यांच्या आत जाण्याइतके घट्ट हवेत. हात सतत वर असल्यामुळे बोटांकडे रक्त कमी जातं, त्यात मनगटातून वारा शिरला की बोटं पहिल्यांदा बधिर होतात.

हेल्मेट घेऊन जा. दुकानदार पाहत राहील, पाहू द्या. कॉलर हनुवटीपर्यंत यावी, पण मान वळवताना हेल्मेटच्या पट्ट्यात अडकू नये. जाड टोपीचं जॅकेट हेल्मेटखाली बसत नाही, आणि मागे लोंबती टोपी वाऱ्यात फडफडते.

हातमोजे घालून चेन लावा. चेनीला मोठी दोरी किंवा पट्टी हवी. चेन खालूनही उघडणारी असली तर हार्नेसमध्ये बसल्यावर सोयीची पडते.

लोंबत्या दोऱ्या नकोत. टोपीच्या आणि कमरेच्या लांब दोऱ्या ग्लायडरच्या दोरांत किंवा बकलात अडकू शकतात. त्या कापून टाका, नाहीतर आत शिवून घ्या.

खिसे छातीवरचे हवेत. कमरेचे खिसे हार्नेसच्या पट्ट्यांखाली जातात. फोन आतल्या खिशात ठेवला तर अंगाच्या उबेत त्याची बॅटरी टिकते, थंडीत ती झपाट्यानं उतरते.

माप एक नंबर मोठं घ्या. आतले दोन थर घालून जॅकेट सैल बसलं पाहिजे. घट्ट बसलं तर भरण दबतं आणि हवा निघून जाते. पाठीला आणि खांद्यांना हार्नेस भरण दाबतोच, पण त्याचा जाड फोम तिथे स्वतः वारा अडवतो. म्हणून जाडी पाहायची ती छातीची आणि बाह्यांची.

या कसोट्यांवर भाच्याचं ते पहिलं जॅकेट टिकलं नाही. फुंकर लागली, मनगटं उघडी पडली. शेवटी घेतलं ते दिसायला साधं, भडक नारिंगी रंगाचं. डोंगरात उतरावं लागलं तर शोधणाऱ्याला लांबून दिसावं म्हणून रंगही असाच हवा.

मुंबईच्या पावसाळ्यात

जॅकेट घरी आलं की त्याची दुसरी परीक्षा जून ते सप्टेंबर. आमच्या घरांत जुलैत चामड्याच्या चपलांना बुरशी येते, कपाटातल्या कपड्यांना वास येतो. म्हणून जॅकेट कधीही पिशवीत कोंबून ठेवू नये. दाबून ठेवलेल्या भरणाचा फुगीरपणा कायमचा कमी होतो. हँगरला सैल टांगावं, प्लॅस्टिकचं झाकण घालू नये, श्रावणात ऊन पडलं की तासभर गॅलरीत धरावं. लोकरीच्या थरांत डांबराच्या गोळ्या ठेवाव्यात, कसर लोकर खाते. पिसांचं असेल तर धुतल्यावर पूर्ण वाळेपर्यंत अधूनमधून हातानं गोळे फोडत राहावं. आतून ओलसर राहिलेली पिसं कुजतात.

शेवटची कसोटी

हे सगळं नुसतं आरामासाठी नाही. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की हायपोथर्मिया सुरू होतो. अंग थरथरतं, बोबडी वळते, बोटं ऐकत नाहीत आणि निर्णय चुकायला लागतात. त्यातलं शेवटचं सर्वांत धोक्याचं, कारण चुकतंय हे स्वतःला कळत नाही. ग्लायडर हवेत कोसळला तर पायलटकडे शेवटचा आधार असतो तो रिझर्व्ह पॅराशूटचा. त्याचं हँडल हार्नेसच्या बाजूला असतं, आणि ते सापडायला, पकडायला, ओढायला बोटांत जोर आणि डोक्यात भान लागतं. ऊब ही सुरक्षेचीच एक वस्तू आहे.

म्हणून निघायच्या आदल्या रविवारी मी भाच्याला गिरगावला बोलावलं. आमच्या घराच्या तुळईला आजोबांच्या झोपाळ्याच्या दोन कड्या अजून घट्ट आहेत. त्यांना त्याचा हार्नेस टांगला. तीन थर, जॅकेट, हातमोजे, हेल्मेट, सगळं चढवून तो त्यात बसला. पंखा त्याच्याकडे वळवून मी म्हटलं, "आता डोळे मिट. रिझर्व्ह!"

पहिल्या वेळी त्याचा हात जॅकेटच्या फुगलेल्या कडेवर अडला. आम्ही ती कड आत दुमडून घेतली. दुसऱ्या वेळी हँडल सापडलं, पण जाड मोज्यात घट्ट धरता येईना. मोजे बदलले. मग लागोपाठ दहा वेळा, डोळे मिटून, त्याचा हात थेट हँडलवर गेला. घामानं तो निथळत होता, पण त्या दिवशी मी त्याला जॅकेट काढायला सांगितलं नाही. म्हटलं, "आणखी दहा वेळा कर."